ठकीच्या गाडीतला मीटर

अर्ध्या दिवसाचं काम मी तीन दिवस पुरवलं, हे आधीच कबूल करतो. तीस वर्षं डिझेल इंजिनं खोलतोय. धुराचं तापमान दाखवणारा एक मीटर बसवणं म्हणजे माझ्या हातचा मळ. पण तो बसला की माझी लेक मालाचा ट्रक घेऊन एकटी डोंगर चढणार होती, आणि मला ते नको होतं.

झालं असं, की माझा गुडघा गेला. केबिनची पायरी चढताना आई गं, बाप रे सुरू झालं, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की आता ट्रकचा नाद सोडा. त्याआधी दोन वर्षं मी ठकीच्या शेजारी बसून फिरलो. ठकी म्हणजे ही लेकच. वय सव्वीस, पण घरात अजून ठकीच. भरल्या गाडीला चढ लागला की मी इंजिनाचा आवाज ऐकायचो आणि वेळेवर म्हणायचो, "पाय उचल." चढावर ॲक्सिलरेटर दाबून धरला की धूर तापत जातो, आणि सातशे अंशांच्या वर फार वेळ राहिला तर पिस्टन वितळतो. आता शेजारी मी नाही, तर तिला सांगणार कोण? मीटर सांगेल, असं ठकीच म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी घेऊनही आली. मोठी हुशार!

पहिला दिवस मी जागा ठरवण्यात घालवला. भोक धुराच्या नळीला, टर्बोच्या म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या अलीकडेच पाडायचं असतं. पलीकडे धूर निवलेला असतो आणि काटा खोटं बोलतो. हे मला झोपेतही सांगता येईल, तरी खडूने चार खुणा केल्या आणि चारही पुसल्या. दुसऱ्या दिवशी ड्रिलचा बिट बोथट निघाला. निघाला कसला, मीच बोथट निवडला होता. ठकीची आई जेवणाचा डबा घेऊन वर्कशॉपमध्ये आली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली की नाचता येईना अंगण वाकडं. बायकोपुढे अशा वेळी तोंड उघडू नये, एवढं मी शिकलोय.

तिसऱ्या दिवशी ठकीने नवा बिट आणला आणि त्याच्या टोकाला स्वतः ग्रीस फासलं. ग्रीसला लोखंडाचा कीस चिकटतो. तो टर्बोत पडला तर आतली पाती गेलीच म्हणून समजा. मग माझा नाइलाज झाला. भोक पाडलं, आटे पाडले, बोटभर सेन्सर घट्ट बसवला, वायर केबिनमध्ये ओढली. काम मात्र देखणं झालं. मी चिडलो म्हणून हात थोडाच चिडतो?

उद्या न्यायचा माल भरलेलाच होता, म्हणून लगेच गाडी जवळच्या चढावर तपासायला काढली. मायलेकींनी मिळून मला वर चढवलं. काटा पाचशे, साडेपाचशे करत सरकला. साडेसहाशेला ठकीने पाय उचलला आणि गिअर खाली घेतला. मी म्हटलं, काटा समोर असताना त्यात काय मोठंसं. डोक्यावरची टोपी काढून मीटरपुढे आडवी धरली, मला दिसेल पण तिला दिसणार नाही अशी, आणि आता चालव म्हणालो.

साडेसहाशे झाले. मी बोलणार, तोवर तिचा पाय वर. पुढच्या चढाला पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर मला आवाजातला फरक कळायच्या आत तिने गिअर बदलला होता. मी टोपी खाली घेतली.

"तुला कधीपासून कळतंय?"

"पहिल्या वर्षापासून."

"मग माझ्या सांगण्याची वाट का बघायचीस?"

"तुम्हाला बरं वाटायचं, बाबा. मलाही."

"आणि हा मीटर?"

तिने रस्त्यावरची नजर काढली नाही. "तो तुमच्यासाठी आणलाय. मी बाहेर असताना तुम्हाला घरी झोप लागावी म्हणून."

माझे डोळे भरून आले. म्हटलं, धूळ फार आहे या रस्त्याला. ती हो म्हणाली आणि काच वर केली. परत येताना मीच विषय काढला: उद्या एकटी जा, मला त्या मेल्या पायऱ्या चढायचा कंटाळा आलाय. रात्री मोठ्या ऐटीत सगळ्यांच्या आधी अंथरुणावर पडलो.

पहाटे निघायच्या आधी ठकी दारातून डोकावली. रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिची चाहूल लागताच मी डोळे मिटले आणि चक्क घोरायला लागलो.