पेरूची चड्डी

खट्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा खट्, खट्.

माझी लेक टिकली दुपारची नुकतीच झोपली होती आणि मी तिच्या शेजारी पडून, कूस बदलली तर ही उठेल का याचा अंदाज घेत होते. आवाज आतल्या खोलीतून येत होता. शिलाई मशीनचा. तो ऐकून वर्ष होऊन गेलं होतं.

माझे सासरे, आबा, जन्मभर शिंपीकाम करत आले. कोपऱ्यावर त्यांचं दुकान होतं. लोक मास्तर म्हणत. मग हात थरथरायला लागला. एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याची कॉलर जराशी वाकडी गेली. त्या माणसाच्या लक्षातही आलं नाही, खुशीत सदरा घालून गेला. आबांच्या मात्र आलं होतं. त्याच संध्याकाळी त्यांनी शटर ओढलं, मशीन घरी आणलं आणि त्यावर चादर टाकली.

मी पावलं न वाजवता दाराशी गेले.

"आलीच आहेस तर सुई ओवून दे," मान वर न करता आबा म्हणाले.

"काय शिवताय?"

"चड्डी."

"कुणाची?"

"आहे एक गिऱ्हाईक. फार बोलत नाही, म्हणून घेतलं काम."

मी सुई ओवली आणि आणखी काही न विचारता परत येऊन पडले. मशीन थांबेल या भीतीने कूस बदलायची हिंमत आता मलाच होईना.

दुकान गेल्यावर आबा नुसते खिडकीत बसायचे. ते बघवेना म्हणून मी परसात पेरूचं कलम आणून लावलं. मुळं धरल्यावर शेंडा छाटा, म्हणजे खालून फांद्या फुटतील, असं रोपवाटिकेतल्या बाईंनी सांगितलं होतं. छाटायच्या दिवशी आबांनी खिशातून शिंप्याचा खडू काढला. रोपाभोवती दोन फेऱ्या मारल्या, बाहेरच्या बाजूला तोंड असलेला फुटव्याचा एक डोळा हेरला आणि त्याच्या जरा वर तिरकी रेघ ओढली.

"काप."

"मी?"

"खडू हलला तर पुसता येतो. कात्रीचं तसं नाही. आणि कचरू नकोस, कड फाटते."

मी डोळे बारीक करून कापलं. मग रोप आधाराच्या काठीला करकचून बांधलं, तर त्यांनी गाठ सोडायला लावली. "गळ्याचं माप असं घेतात होय? एक बोट आत गेलं पाहिजे."

"मग ते हलेल ना, आबा," टिकली म्हणाली.

"हलू दे की. वारा आला की हलायचंच. त्यानंच मुळं पक्की होतात."

यंदा झाड फुललं आणि पाठोपाठ सुपारीएवढे पेरू धरले. बाईंचा दुसरा नियम आबांनी घरभर ऐकवला: एवढ्याशा झाडावर फळ ठेवायचं नाही. सगळा जोर फळात जातो, फांद्या वाकतात. एका सकाळी आम्ही तिघांनी मिळून सगळे पेरू खुडले.

"एक पण नाही?" टिकलीचा ओठ बाहेर आला.

"एक पण नाही. पुढच्या वर्षी."

पेरू हा आबांचा जीव की प्राण. 'पुढच्या वर्षी' म्हणताना त्यांची नजर मात्र झाडावरच होती.

तर, मशीन वाजलं त्या दिवशी संध्याकाळी मी वाळलेले कपडे काढायला परसात गेले. आबा झाडात वाकलेले. पानांमागे एक पेरू राहिला होता आणि आबा त्याला पिशवी चढवत होते. तळाला गोल, कमरेला नाडी, दोन्ही बाजूंना चुण्या.

"आबा, ही माझी ओढणी."

"होती."

"आणि एकही ठेवायचा नाही असं कोण म्हणालं होतं?"

"मी. पण पाखरांना काय सांगणार? टोचतात. म्हणून चड्डी."

"चुण्या कशाला?"

"वाढत्या अंगाचं गिऱ्हाईक आहे. उसवत जायचं."

मागून टिकली झोपेतले डोळे चोळत आली. पिशवीकडे पाहून तिचा चेहरा उजळला. "आबांनी पण ठेवला!"

"पण म्हणजे?"

तिने आम्हाला ओढत पलीकडे नेलं. तिथे एका फांदीवर, मी आठवडाभर शोधत असलेला तिचा मोजा लटकत होता, आणि मोज्यात पेरू होता.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू का गप्प?"

मी मुकाट्याने शेंड्याजवळची पानं बाजूला केली. तिसरा पेरू.

"घर आहे की चोरांची आळी!" आबा पायरीवर बसून इतके हसले की मी पाणी आणायला धावले.

पण तीन झाडाला पेलणार नव्हते. आबांनी टेप आणवली, तिन्ही फांद्यांची जाडी मोजली आणि टिकलीची फांदी जिंकली. आपला आणि माझा पेरू त्यांनी स्वतः खुडला. देठ बोटांतून पुन्हा पुन्हा निसटत होता. आम्ही दोघी नुसत्या उभ्या राहिलो. मग मोजा उतरला आणि चड्डी चढली. शिवण चांगलीच वाकडी गेली होती. मी पाहिलं, आणि मी पाहिल्याचं आबांनी पाहिलं.

"गिऱ्हाइकाची काही तक्रार नाही," ते म्हणाले.

पेरू वाढत गेला तशी आबा एकेक चुणी उसवत गेले. मधल्या काळात टिकलीच्या फ्रॉकचा घेर शिवून झाला, माझ्या बाजारच्या पिशवीचे बंद शिवून झाले. मशीनवरची चादर मी धुवून कपाटात ठेवली. ती कुणी मागितली नाही.

पेरू पिकला त्या सकाळी आम्ही पायरीवर ओळीने बसलो. मी फोडी केल्या. पहिली मालकिणीची, म्हणजे टिकलीची. तिने ती आबांसमोर धरली. आबांनी फोड घेतली, उजेडात जराशी फिरवून बघितली, मग डोळे मिटून सावकाश चावत राहिले. रस मनगटावर ओघळला तरी पुसला नाही.

परसात पानही हालत नव्हतं. टिकली कितीतरी वेळ झाडाकडे बघत होती, मग आबांच्या हाताकडे, मग पुन्हा झाडाकडे. शेवटी तिने माझ्या कानाला तोंड लावलं.

"आई, वारा तर नाहीये. मग आबांचा हात का हलतोय?"