सभेतलं कलिंगड

"पुन्हा तीच," मूतखडा ट्रेमध्ये टाकत डॉक्टर म्हणाले. टेबलावर मंडईतली कलिंगडवाली मावशी होती आणि तिचा खडा काढायची ही काही त्यांची पहिली वेळ नव्हती. तिला भूल मी दिली होती. माणसं झोपवणं हे माझं काम. डॉक्टरांचं काम त्यांना कापणं आणि उरलेल्या वेळात नगरपालिकेत भांडणं. निवडणुकीत ते दरवेळी निवडून यायचे आणि सभेत दरवेळी हरायचे.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात ते तिच्यावर चिडले. "मावशी, भरपूर पाणी पीत जा म्हणून किती वेळा सांगितलं?"

"पिते की. घरी गेल्यावर."

"आणि दिवसभर?"

"दिवसभर प्यायले तर जाऊ कुठं?" ती म्हणाली. "बाप्यांना भिंत चालते. आम्ही बायका सकाळपासून घोटभरसुद्धा पीत नाही. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

नव्हतं. इतकी वर्षं बाजारातल्या बायकांचे खडे काढत होते, पण हे कधी विचारलंच नव्हतं. त्यांचा चेहरा असा उतरला की मलाच वाईट वाटलं.

मंडईत बायकांसाठी स्वच्छतागृह बांधा, असा ठराव त्यांनी मांडला. नेमक्या त्याच जागेवर नगरपालिकेच्या अध्यक्षांना कारंजं हवं होतं. ठराव पुढं ढकलत ढकलत शेवटच्या सभेपर्यंत आला. या सभेत तो पडला की कारंज्याचा पाया खणायला घेणार होते.

ऐन उन्हाळा होता. डॉक्टरांनी सभेला टोपल्या भरून कलिंगडाच्या फोडी आणल्या. "हरायचंच आहे, तर तोंड गोड करून हरू," म्हणाले. सभासद तुटून पडले. अध्यक्षांनी तर बशी पुन्हा भरून घेतली. मग दार लागलं. चहाच्या नावाखाली सभासद पळतात, म्हणून मतदान होईपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही, हा नियम अध्यक्षांनीच केला होता.

डॉक्टर उठले आणि बोलतच राहिले. सुरुवात मूत्रपिंडापासून केली. ऑपरेशनच्या टेबलापाशी तासन् तास उभं राहण्यात त्यांचा जन्म गेलेला, आणि कलिंगडाला त्यांनी हातही लावला नव्हता. हळूहळू खुर्च्या कुरकुरायला लागल्या. एकानं पायावर पाय टाकला, काढला, पुन्हा टाकला. एरवी हमखास डुलक्या घेणारेही टक्क जागे होते. मी मागं प्रेक्षकांत बसले होते; माझ्या धंद्यातल्या बाईला याचं फार कौतुक वाटलं.

"डॉक्टर, आवरा आता," अध्यक्ष घाम पुसत म्हणाले.

"आवरतोच. आत्ता कुठं मूत्राशयापर्यंत आलोय."

"अहो, दोन मिनिटं जाऊन तरी येऊ द्या."

"नियम तुमचाच आहे, साहेब." डॉक्टरांनी मागच्या बाकांकडे हात केला. तिथं मंडईतल्या बायका बसल्या होत्या, मधोमध मावशी. "कलिंगड त्यांनीही खाल्लंय. बघा, एक तरी हलली का? त्यांना सवय आहे."

अध्यक्षांनी त्या बायकांकडे पाहिलं. "मतं घ्या," ते म्हणाले. आवाज खाली आला होता, आणि ते नुसत्या घाईमुळे नव्हतं असं मला अजूनही वाटतं.

सगळे हात वर गेले, अध्यक्षांचा सर्वांत आधी. दार उघडलं आणि नगरपालिकेची सारी प्रतिष्ठा धावत सुटली. डॉक्टर मोठ्यांदा हसले. आयुष्यात पहिल्यांदा ते सभा जिंकले होते.

स्वच्छतागृह झालं. पुढच्या उन्हाळ्यात खड्याच्या बायका जवळजवळ यायच्याच थांबल्या. "ताई, मी माझ्याच पायावर धोंडा मारून घेतला," ते मला सांगत, पण छाती फुगवून.

एकदा भर दुपारी आम्ही मंडईतून चाललो होतो. मावशीनं बाटली तोंडाला लावली होती आणि ती चारचौघांत, सावकाश, तळापर्यंत पीत होती. डॉक्टर थांबले.

"काय बघताय?" तिनं विचारलं.

"पाणी," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

मावशी उठली आणि रिकामी बाटली नळावर भरायला गेली.