सूर्यास्ताआधीची पेस्ट

पेठच्या सज्जनबाईंना वरखाली जुळणाऱ्या दाढांची एकच जोडी उरली होती, आणि त्यातली खालची आता किडायला लागली होती. ती गेली की खाखरा चहात बुडवून खायचा. छ्या! त्यापेक्षा उपास बरा, असं सज्जनबाईंचं मत.

मंचरच्या दातांच्या डॉक्टर शीलानं टॉर्च मारून पाहिलं. “खड्डा पडला नाय अजून, नुसता पांढरा डाग आहे. वाचंल. गोडधोडावर जंतू आम्ल करतात, त्यानं दात ठिसूळ होतो. पेस्टमधलं फ्लोराइड त्यावर बसलं की दात परत कडक व्हायला मदत होते. रात्री झोपताना ब्रश करा. फेस थुंका, पण चूळ भरू नका, नायतर सगळं औषध मोरीत.”

सज्जनबाई मान डोलावून घरी आल्या. झाली का पंचाईत! चाळीस वर्षांचा त्यांचा चौविहार. सूर्य बुडाला की सकाळपर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. अन् ही पोरगी सांगते, झोपताना तोंडात पेस्ट घाला.

“पेस्ट म्हंजे काय जेवण हाय का?” नवरा पारसमल म्हणाला. “दाढ मोठी का नेम मोठा?”

“नेम,” सज्जनबाई म्हणाल्या, आणि दाढेच्या दुःखानं त्यांना रडू आलं.

शेवटी त्यांनी आपलाच तोडगा काढला. जेवणपाणी उरकून सूर्यास्ताच्या वीस मिनिटं आधी ब्रश. थुंकायचं, चूळ नाही. मग जिभेवरची पुदिन्याची चव जाईपर्यंत तोंड मिटून ओट्यावर बसायचं. तेवढा वेळ त्या कुणाशी बोलत नसत. पारसमलला हे औषध लई मानवलं.

सहा महिन्यांनी दोघं तपासायला गेले. शीलानं दाढ टोकरून पाहिली.

“कडक झाली की ओ मावशी!”

सज्जनबाईंचा जीव भांड्यात पडला, पण मन खात होतं. “डॉक्टर, मी तुमाला फसवलं. झोपताना नाय, दिवस बुडायच्या आत ब्रश करते.”

“आणि नंतर काय खाता?”

“पाणीसुद्धा नाय. चौविहार आहे माझा.”

“मग फ्लोराइड धुऊन नेणार कोण? झकास चाललंय. शेठ, तुमचं काय?”

“मी रोज रात्री धाला ब्रश करतो,” पारसमल ऐटीत म्हणाला. “बरोब्बर झोपताना.”

“आणि त्यानंतर?”

पारसमल भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

“साडेधाला पेढा,” सज्जनबाई म्हणाल्या.