गाऱ्हाण्यातला व्हय

गंगाराम तांडेलाच्या एका हातात नारळ होता, दुसऱ्या हातात पुतळ्याच्या अनावरणाला आलेल्या सरकारी साहेबांनी दिलेला कागद.

"गाऱ्हाणं एवढंच वाचायचं," साहेबांनी बजावलं होतं. देवापुढे नारळ धरून करायच्या त्या विनवणीत नुसते आभार होते. कुंपणाचा उल्लेख कुठेच नव्हता.

महाराजांचा पुतळा देखणा झाला होता, त्यात वाद नाही. पण त्याच्या मागे पुरुषभर उंचीचं लोखंडी कुंपण उभं राहिलं होतं. किनाऱ्यावरून ओढायचं रापणीचं जाळं आणि होड्या जिथून पाण्यात जात, नेमकी तीच वाट त्यानं अडवली होती. आज अनावरण झालं की कुंपणाच्या फाटकाला कुलूप. तीन अर्ज गेले. 'स्मारकाची शोभा' एवढंच उत्तर आलं.

दर्यावर गर्जणारा गंगाराम माइकपुढे घामानं निथळत होता.

"वाचतलात काय तो कागद?" पहिल्या रांगेतून त्याची बायको यशोदा पुटपुटली.

"चष्मो घराक रवलो."

"बरा झाला!"

त्यानं कागद खिशात कोंबला आणि नारळ उचलला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा किनारा बोलला.

"ज्या राजान ह्या दर्यार आरमार उभा केल्यान, तेचो पुतळो आज हय उभो रवलो!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तेच्याच पाठसून आमची दर्याची वाट बंद केल्यानी!"

साहेब खुर्चीतून अर्धवट उठले.

"व्हय म्हाराजा!"

"ह्या फाटकाक कुलूप पडाचा नाय! जो घालीत, तेका तूच जाब इचार!"

"व्हय म्हाराजा!"

या खेपेला सगळ्यांत मोठा आवाज कर्ण्यातून आला. माइकला खेटून कुंपणाचा ठेकेदार जितेंद्र उभा होता. पलीकडच्या वाडीतला. लहानपणापासून गाऱ्हाणं सुरू झालं की त्याचे हात जोडले जात नि तोंड आपोआप उघडे.

"अहो, तुम्ही काय म्हणालात?" साहेब ओरडले.

जितेंद्रचा चेहरा उतरला. "सवय हो, सायेब. पण आता देवाम्होरं व्हय म्हटलंय. माझ्या हातान कुलूप लागाचा नाय."

"मग दुसरं कोणीतरी लावा!"

जितेंद्रनं खिशातून कुलूप काढून सगळ्यांपुढे धरलं. स्वयंसेवक, वायरमन, अगदी साहेबांचा ड्रायव्हरसुद्धा. सगळे इथलेच. आणि सगळ्यांनीच व्हय म्हटलं होतं.

"तुमीच लावा, सायबानू," यशोदा म्हणाली. "तुमी खंय व्हय म्हटलास?"

साहेबांनी कुलुपाकडे पाहिलं, मग माणसांनी भरलेल्या किनाऱ्याकडे. हात काही पुढे झाला नाही.

गंगारामनं नारळ फोडला. रापणकरांनी जाळं खांद्यावर घेतलं, महाराजांपुढे मान लववली आणि मंडपाच्या मधूनच फाटकाकडे चालू लागले.