फोन ठेवल्यावर

१९८७ सालच्या मे महिन्यातला तो मेमो मला अजून तोंडपाठ आहे. ‘कामात हलगर्जी. पुन्हा घडल्यास सेवा समाप्त.’

आमचा आंब्याचे डबे भरणारा कारखाना रत्नागिरीत, कॉम्प्युटर मात्र मुंबईच्या ऑफिसात. संध्याकाळी मी मुंबईला फोन लावायचे, रिसीव्हर मॉडेमच्या खोबणीत बसवायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या गाड्यांची यादी करायचं काम सुरू करून द्यायचे. मग रिसीव्हर जागेवर. अख्ख्या कारखान्याला फोन एकच, मालगुंडच्या बागवाल्यांना तो मोकळा लागे.

तीन दिवस यादी निघालीच नाही. भरलेल्या गाड्या उन्हात उभ्या राहिल्या आणि मेमो माझ्या हातात पडला.

प्रोग्रॅम लिहिणारा चारुदत्त मुंबईहून आला. “पद्मजाबाई, फोन ठेवला की कॉम्प्युटर चालू कामांना लाइन तुटल्याचा इशारा देतो आणि ती बंद पडतात. माझा प्रोग्रॅम तो इशारा झेलतो. तो मरत नाही. तुम्ही काम सुरूच करत नसाल.”

“बसा,” मी म्हटलं. “बघा.”

त्याच्यादेखत काम सुरू केलं, फोन ठेवला, पुन्हा लावला आणि चालू कामांची यादी मागवली. त्याचा प्रोग्रॅम होता. त्याने यादी करायला जन्माला घातलेलं पोर, म्हणजे त्याच्यातून निघालेलं दुसरं काम, नव्हतं.

“आई ठणठणीत आहे,” मी म्हटलं. “लेकरू कुठाय?”

इशारा कसा झेलायचा ते त्याने आईपुरतं लिहिलेलं. पोराने यादीचा वेगळा प्रोग्रॅम चालवायला घेतला की ते शिकवणं पुसलं जाई आणि पहिल्याच इशाऱ्याला पोर खलास. ‘इशाऱ्याकडे लक्षच देऊ नकोस’ असं पोराला आधीच बजावलं असतं, तर तेवढं मात्र टिकलं असतं. मॅन्युअलमध्ये छापलेलं होतं. मी वाचलं होतं, त्याने नाही.

त्याने एक ओळ घातली. मी फोन ठेवला, पुन्हा लावला, तर यादी पुरी झालेली.

“झालं तर मग,” मेमो देणारे मॅनेजरसाहेब म्हणाले. “बाई, फोन मोकळा करा.”

“आणि मेमो?”

“तो राहू दे फायलीत. कोण बघतंय?”

मी रिसीव्हर मॉडेममधून उचलून माझ्या टेबलावर आडवा ठेवला, वर हात ठेवला. “तो फाडा. मग लाइन मोकळी.”

“पद्मजाबाई, बागवाले खोळंबलेत.”

“गाड्याही खोळंबल्या होत्या.”

पंधरा मिनिटं मी हात काढला नाही. मग साहेबांनी फाइल मागवली, मेमो काढला, चार तुकडे केले. चारुदत्त खिडकीबाहेर बघत होता. माफी त्याने मागितली नाही, आणि मीही त्याला चहा विचारला नाही.

मग मी फोन ठेवला.