नकाशातला पांढरा पट्टा

"डिंकात पाणी कुणी ओतलं? पानं कागदावर घसरगुंडी खेळतायत," शिपाईकाका माझ्या कानाशी पुटपुटले.

मी घसरलेलं पान परत जागेवर सरकवलं. आईला जाऊन तीन महिने झाले होते आणि मला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं.

या वनस्पती-संग्रहालयात मी वाळलेल्या फांद्या कागदावर चिकटवते. शाळा अर्धवट सुटली. पानं ओळखायला चिकटवता चिकटवताच शिकले. थोरली ताई इथली शास्त्रज्ञ. एकाच डोंगरावर तिला एका रानझुडपाच्या दोन जाती सापडल्या होत्या. पायथ्याची जुनीच, रुंद गुळगुळीत पानांची. माथ्यावरची नवी, पान अरुंद, खाली दाट लव. नवीला तिनं आईचं नाव दिलं होतं. लेख सोमवारी छापायला जायचा होता.

त्या सकाळी वनरक्षकानं मधल्या चढावरून बारा फांद्या पाठवल्या. मी त्या उंचीप्रमाणे ओळीनं मांडल्या. पान जरा जरा अरुंद होत गेलेलं, लव जरा जरा वाढत गेलेली. 'इथून दुसरी' म्हणावं अशी जागाच नव्हती.

काकांनी पाहिलं. मोठ्या साहेबांनी भिंगातून पाहिलं, "छान चिकटवलंय" म्हणाले आणि चहाला गेले. सगळ्यांनी मिठाची गुळणी धरलेली.

ताई नकाशा घेऊन आली. खाली हिरवे ठिपके, वर लाल, मधे कोरा पट्टा. दोन जाती वेगळ्या राहतात याचा तोच तिचा पुरावा.

"तोंड का शिवलंयस? डिंक प्यायलीस?"

"आज पातळ आहे. पिण्याजोगा."

हसलं कुणीच नाही. तिनं फांद्या पहिलीपासून शेवटपर्यंत पाहिल्या, मग उलट्या.

"उंचीच्या चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या नाहीत ना?"

"ताई, बावीस वर्षं चिकटवतेय मी."

ती स्टुलावर बसली. मी आधीच स्वच्छ असलेलं टेबल पुसत राहिले.

"खालची झुडपं घराजवळ," ती म्हणाली. "वर पलीकडच्या बाजूनं गाडी जाते. मधे पायी जायचं तर अख्खा दिवस मोडतो, आणि पाच वर्षं आजारी आईला एकटं सोडता येत नव्हतं. तिथं झुडूप नव्हतं असं नाही गं. तिथं आपण गेलोच नाही. ही एकच जात आहे."