पंधरा मिनिटांची कातडी

जळितांच्या वॉर्डात ताईच्या हाताला तोड नव्हती. बावीस वर्षं ड्रेसिंग करून एक नियम तिच्या हाडीमाशी मुरला होता: ग्लोव्हज चढवले की हात छातीपुढे वर धरायचे आणि निर्जंतुक नसलेल्या कशालाही लावायचे नाहीत. नाक खाजलं तरी नाही.

आज टेबलावर तिची सख्खी धाकटी बहीण होती. उकळत्या तेलाने उजवा गुडघा सोलून निघाला होता. कढई कलंडली, असं तिचा नवरा सगळ्यांना सांगत होता. हळू बोलायचा, खाली बघून चालायचा, म्हणून वॉर्डातल्या मावशींनी त्याचं नाव गोगलगाय ठेवलं होतं. पोटातले पाय ताईला कधीच दिसायला हवे होते. पण घरोघरी मातीच्या चुली, असं म्हणत दोनदा तिनेच धाकटीला त्याच्याकडे परत धाडलं होतं.

जखम काही केल्या भरत नव्हती. आज झाकली नाही तर गुडघा जन्माचा आखडणार, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून ही कातडी मागवली होती. नवजात बाळांच्या सुंतेत निघालेली, त्यांच्या आयांनी दान केलेली चिमूटभर कातडी. कंपनीने ती वाढवून तिची तळहाताएवढी चकती केलेली. खालची जेली गुलाबी होती, म्हणजे चकती जिवंत होती. डबीचं झाकण काढल्यापासून पंधरा मिनिटांत जखमेवर लावायची, नाहीतर वाया. दुसरी यायला दहा दिवस.

ताईने चकती दोन चिमट्यांत उचलली आणि दार ढकलून गोगलगाय आत आला. मावशी चादरी आणायला गेली होती.

"ताई, दोन मिनिटं," तो मऊ आवाजात म्हणाला. त्याने धाकटीपुढे कागद धरला. "पोलीस येतायत. चुकून सांडलं म्हणून लिहिलंय. सही कर."

"नाही करणार," धाकटी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा.

त्याने तिचे केस धरून डोकं टेबलाच्या लोखंडी कठड्यावर आपटलं. ताई ओरडली, "सोड तिला!" पण हात वरच राहिले, चिमट्यांत चकती. ठेवली तर गेली, एवढंच तिच्या डोक्यात. त्याने पुन्हा आपटलं. धाकटीचा ओठ फाटला, दाताचा तुकडा चादरीवर पडला. ताई तशीच उभी.

मग त्याने उघड्या गुडघ्यात अंगठा खुपसला.

धाकटीची किंकाळी ऐकून चिमटे गळून पडले. ताईने स्टीलचा ट्रे उचलला आणि त्याची कड त्याच्या तोंडावर हाणली. नाक मोडल्याचा आवाज झाला. तो खाली कोसळला, तरी ती थांबली नाही. कपाळ, कान, तोंडावर धरलेली बोटं, जे समोर आलं त्यावर ती हाणत राहिली. तो "ताई, ताई" म्हणत होता आणि त्या शब्दाने ती आणखी पेटत होती. मावशी आणि दोन वॉर्डबॉय यांनी तिला ओढून काढलं, तेव्हा ट्रे वाकला होता.

त्याला बाहेर नेलं. चकती फरशीवर, कुणाच्या तरी बुटाखाली चिरडलेली. ताई धाकटीच्या ओठाला कापूस लावायला वाकली.

धाकटीने तिचा हात बाजूला सारला.

"मला मारत होता," ती सावकाश म्हणाली, "तेव्हा तू हात वर करून का उभी होतीस?"